मेल ब्लॅकलिस्ट झाला म्हणजे नक्की काय झालं, आणि त्यातून बाहेर कसं पडायचं

मेल बाऊन्स होऊन परत आला की बहुतेक जण तो न वाचताच डिलीट करतात आणि होस्टिंगवाल्याला फोन लावतात. माझी पहिली विनंती हीच की तो बाऊन्स डिलीट करू नका, कारण पुढचं सगळं निदान त्यातल्या एकदोन ओळींवर होतं. वरचा मजकूर छापील असतो तो सोडून द्या, खाली जिथे ५५० किंवा ५५४ असा आकडा दिसतो ती ओळ शोधा, तिच्यात तुमच्या सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा आकड्यांचा पत्ता) असतो, कुठल्या लिस्टमुळे मेल नाकारला तिचं नाव असतं आणि बऱ्याचदा त्या लिस्टच्या साइटची लिंकपण असते. आकडा ५ ने सुरू होत असेल तर कायमचा नकार, ४ ने (४२१, ४५१ वगैरे) सुरू होत असेल तर आत्ता घेत नाही, थोड्या वेळाने ये, आणि त्या केसमध्ये तुमचा सर्व्हर आपणहून परत परत प्रयत्न करत राहतो, तुम्ही तोच मेल दहा वेळा पाठवायची गरज नसते.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथेच सगळा गोंधळ होतो. ब्लॅकलिस्टवाले तुमचा मेल अडवत नाहीत, त्यांना तो अडवताच येत नाही, त्यांच्या हातात तुमचा मेल कधी येतच नाही. ते फक्त स्पॅम पाठवणाऱ्या किंवा संशयास्पद आयपींची एक यादी ठेवतात. अडवतो तो समोरचा सर्व्हर, म्हणजे तुम्ही ज्या कंपनीला कोटेशन पाठवलंत तिचा सर्व्हर, आणि ती यादी वापरायची की नाही, वापरली तर मेल सरळ नाकारायचा की स्पॅम फोल्डरमध्ये टाकायचा की नुसते दोन मार्क कापायचे, हे तिथल्या ॲडमिनने ठरवलेलं असतं. म्हणून एकाच दिवशी एकाच सर्व्हरवरून पाठवलेले मेल एका ग्राहकाला व्यवस्थित पोचतात आणि दुसऱ्याकडून परत येतात, आणि आपण म्हणत बसतो की आमचं तर सगळं ठीक चाललंय, त्यांच्याकडेच काहीतरी प्रॉब्लेम आहे.

ही विचारणा होते कशी ते बघण्यासारखं आहे, फार सोपी युक्ती आहे. वेबसाइटचं नाव टाकलं की तिचा आयपी शोधून देणारी जी डीएनएस यंत्रणा आहे तीच इथे वापरतात. समजा तुमच्या सर्व्हरचा आयपी १९२.०.२.९९ आहे. समोरचा सर्व्हर हे आकडे उलटे करतो, ९९.२.०.१९२, त्याच्या मागे लिस्टचं नाव जोडतो, आणि या नावाचा पत्ता काय असं डीएनएसला विचारतो. तुम्ही यादीत नसाल तर असं नावच नाही म्हणून उत्तर येतं आणि मेल पुढे जातो. यादीत असाल तर १२७ ने सुरू होणारा एक खोटा पत्ता उत्तरात येतो, आणि त्याचा शेवटचा आकडा हे कारण असतं. स्पॅमहॉस या ब्लॅकलिस्ट चालवणाऱ्या संस्थेच्या झेन नावाच्या लिस्टमध्ये २ आला तर एसबीएल, ३ आला तर सीएसएस, ४ आला तर एक्सबीएल, १० किंवा ११ आला तर पीबीएल, या चौघांचे अर्थ खाली येतील. हे सगळं सेकंदापेक्षा कमी वेळात होतं, तुमच्या मेलमधलं अक्षरही वाचायच्या आधी. त्यामुळे विषय बदलून बघ, अटॅचमेंट काढून बघ, असले उपाय आयपीच्या ब्लॅकलिस्टला लागूच पडत नाहीत.

ही कल्पना १९९७ ची आहे, पॉल व्हिक्सी या माणसाने मॅप्स नावाने अशी पहिली यादी चालू केली, आणि १९९८ मध्ये लंडनला स्टीव्ह लिनफर्डने स्पॅमहॉस काढलं, जी आज सगळ्यात जास्त वजनाची यादी आहे. यांच्यावर केसपण झाली होती. अमेरिकेतल्या ई३६० नावाच्या एका मार्केटिंग कंपनीने आम्हाला यादीत का टाकलं म्हणून दावा लावला, स्पॅमहॉसने तिथल्या कोर्टात मांडलेली बाजू मागे घेतली म्हणून २००६ मध्ये १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई मंजूर झाली, मग अपिलं होत होत २०११ पर्यंत ती रक्कम ३ डॉलरवर आली. हो, तीन. हे मुद्दाम सांगतेय कारण यादीत नाव आलं की वकिलाची नोटीस पाठवू असं म्हणणारे बरेच भेटतात, आणि त्या रस्त्याने कोणाचा मेल सुटल्याचं मी तरी पाहिलं नाही.

स्पॅमहॉसच्या या चार प्रकारांकडे परत येऊ, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा आणि उपायही वेगळा, आणि लोक सगळ्याला सरसकट ब्लॅकलिस्ट म्हणून मोकळे होतात.

पीबीएल म्हणजे तुम्ही काही गुन्हा केलाय असं नाहीच. घरगुती ब्रॉडबँड, मोबाईल डेटा, बदलते आयपी, अशा सगळ्यांची ती यादी आहे, म्हणणं एवढंच की इथून कोणी थेट मेल सर्व्हर चालवणं अपेक्षित नाही. घरचा आयपी एखाद्या साइटवर तपासला की हे लाल दिसतं आणि लोक घाबरतात, घाबरू नका, ते तसंच असायला हवं. तुम्ही आउटलुक किंवा थंडरबर्डमधून कंपनीच्या सर्व्हरला लॉगिन करून मेल पाठवत असाल तर पीबीएलचा तुमच्याशी संबंध नाही. पण कॉम्प्युटरमधल्या मेलच्या सेटिंगमध्ये पोर्ट २५ (सर्व्हरने सर्व्हरला मेल द्यायचा मार्ग) टाकून ठेवलं असेल तर ते बदलून ५८७ करा, लॉगिनसकट, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. ऑफिसात स्वतःचा सर्व्हर ठेवलाय आणि आयपी खरंच स्टॅटिक आहे, तर स्पॅमहॉसच्या साइटवर स्वतःच अर्ज करून तो पीबीएलमधून काढून घेता येतो, पैसे पडत नाहीत.

एक्सबीएल म्हणजे त्या आयपीमागचं कुठलं तरी मशीन व्हायरसने किंवा बॉटने धरलंय. इथे सर्व्हरच दोषी असेल असं नाही हां, ऑफिसातले पंधरा कॉम्प्युटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, रिसेप्शनवरचं वायफाय हे सगळं एकाच आयपीतून बाहेर जात असेल तर त्यातला कोणीही असू शकतो, त्यामुळे फायरवॉलवर आधी एक नियम टाका की मेल सर्व्हर सोडून बाकी कोणी पोर्ट २५ ने बाहेर जाणार नाही. सीएसएस आपोआप लागतं, तुमच्याकडून निघालेला मेल स्पॅमसारखा दिसला, नको असलेल्या पत्त्यांवर गेला, की लागतं, आणि छोट्या व्यवसायांना जास्त करून हेच लागतं. एसबीएल सगळ्यात गंभीर, तिथे माणसाने बघून नोंद केलेली असते आणि ती काढायची विनंती तुम्ही नाही, तुमचा आयपी ज्याच्या मालकीचा आहे त्या होस्टिंग कंपनीने किंवा इंटरनेटवाल्याने करायची असते. आणि या चौघांशिवाय डीबीएल म्हणून आहे, ती डोमेनची यादी, आयपीची नाही. डोमेन त्यात गेलं की सर्व्हर बदला, होस्टिंग बदला, काही फरक पडत नाही, कारण मेलमधल्या लिंकमध्ये ते डोमेन सगळीकडे तुमच्याबरोबर जातं.

आता तपासणीच्या साइट्स. आयपी टाकला की पन्नास-साठ लिस्ट एकदम तपासून हिरवं-लाल दाखवतात, त्या वापरा, पण प्रत्येक लाल ठिपक्यामागे धावू नका. त्यातल्या कित्येक लिस्ट कोणी मोठा मेलवाला वापरतच नाही. सॉर्ब्स नावाची जुनी प्रसिद्ध लिस्ट तर जून २०२४ मध्ये बंदच झाली. यूसीईप्रोटेक्ट म्हणून एक आहे, तिची लेव्हल ३ तुमच्या होस्टिंग कंपनीचं अख्खं नेटवर्क यादीत टाकते, म्हणजे तुम्ही काहीही केलेलं नसताना शेजारच्या हजारो आयपींपैकी काहींनी स्पॅम केला म्हणून तुम्हीही लाल, आणि लवकर बाहेर पडायचं तर पैसे भरा असा पर्याय पुढे येतो. माझं स्पष्ट मत आहे, भरू नका. पैसे घेऊन नाव काढणाऱ्या कुठल्याच लिस्टला पैसे देऊ नयेत, स्पॅमहॉस नाव काढायचे पैसे कधीच घेत नाही, आणि यूसीईप्रोटेक्टच्या लेव्हल १ ची, म्हणजे एकट्या आयपीची नोंद स्पॅम थांबला की सात दिवसांनी आपोआप जाते. स्पॅमकॉप नावाच्या लिस्टचं तर त्याहून सोपं, तक्रारी थांबल्या की २४ तासात नाव निघून जातं, अर्जाची गरजच नाही. एकूण, कोणती लिस्ट महत्त्वाची हे ठरवायला एकच कसोटी लावा: तुमच्या प्रत्यक्ष बाऊन्समध्ये तिचं नाव आलंय का? आलं असेल तर काम करा, नसेल तर नोंद घ्या आणि सोडा.

कधीकधी चूक लिस्टची किंवा समोरच्याचीच असते, तेही माहीत असू द्या. ३१ जानेवारी २०२१ ला स्पॅमकॉपचं डोमेनच रिन्यू करायचं राहिलं, ते पार्किंगच्या पानावर (रिकाम्या डोमेनवर दिसणारं तात्पुरतं पान) गेलं, आणि त्या पानाची डीएनएस सेटिंग अशी होती की काहीही विचारलं तरी उत्तर यायचं. आता वर सांगितलेली युक्ती आठवा, उत्तर आलं म्हणजे यादीत आहे, त्यामुळे जगातला प्रत्येक आयपी त्या दिवशी स्पॅमर ठरला आणि ही लिस्ट वापरणाऱ्या सर्व्हरांनी चांगले चांगले मेल परत पाठवले.

याचाच दुसरा प्रकार आजही रोज घडतो. स्पॅमहॉसची फुकट सेवा गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून विचारलं तर उत्तर देत नाही, त्याऐवजी १२७.२५५.२५५.२५४ असा एरर कोड पाठवते. समोरच्याचा सर्व्हर नीट सेट केलेला नसला तर तो या एररलाच यादीतलं नाव समजतो आणि येईल तो मेल स्पॅमहॉसच्या नावाने नाकारतो. तुम्ही स्पॅमहॉसच्या साइटवर जाऊन बघता तर तुमचा आयपी एकदम स्वच्छ! अशा वेळी बाऊन्स परत वाचा, त्यात ओपन रिझॉल्व्हर (म्हणजे सार्वजनिक डीएनएस) असे शब्द किंवा तशी लिंक दिसेल, ती ओळ कॉपी करून समोरच्याच्या आयटीवाल्याला फोनवरून किंवा व्हॉट्सॲपवर पाठवा (मेल तर जाणारच नाही) आणि सांगा की तुमचा मेल सर्व्हर ज्याला डीएनएस विचारतो तो रिझॉल्व्हर बदला, बाहेरून येणारे सगळ्यांचेच मेल अडताहेत.

पण समजा तसं नाही, तुमचा आयपी खरोखरच सीएसएस किंवा एक्सबीएलमध्ये आहे. इथे माणसं पहिली गोष्ट काय करतात तर डिलिस्टचं, म्हणजे यादीतून नाव काढायचं बटण शोधतात, दाबतात, तासाभरात नाव निघतं, आनंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत नाव लागलेलं असतं. असं दोनतीनदा झालं की सुटायचा रस्ता अवघड होत जातो. घरात पाइप फुटलेला असताना फरशी पुसण्यातला हा प्रकार आहे. आधी गळती शोधा, बटण नंतर.

गळती कुठे असते? आधी क्यू, म्हणजे बाहेर जायच्या मेलची रांग बघा. मेल सर्व्हरचं सॉफ्टवेअर पोस्टफिक्स असेल तर मेलक्यू कमांड, होस्टिंगचं पॅनेल सीपॅनेल असेल तर ट्रॅक डिलिव्हरी, त्याचंच ॲडमिन पॅनेल डब्ल्यूएचएम असेल तर मेल क्यू मॅनेजर. रोज साधारण दोनशे मेल जाणाऱ्या ऑफिसच्या क्यूमध्ये हजारो मेल अडकलेले दिसले, सगळे अनोळखी परदेशी पत्त्यांना, मध्यरात्रीनंतरचे, तर कोणाचा तरी पासवर्ड गेलाय. त्यातला एक मेल उघडून हेडर (मेलच्या वरची तांत्रिक माहिती) बघा, कुठल्या लॉगिनने पाठवला ते तिथे असतं. आणि खरं सांगायचं तर ते लॉगिन बऱ्याचदा अकाउंट्स, इन्फो किंवा सेल्स असल्या सामायिक मेलबॉक्सचं निघतं, ज्याचा पासवर्ड कंपनीचं नाव ॲट १२३ असा असतो, चारपाच जणांना माहीत असतो आणि नोकरी सोडून गेलेल्याच्या फोनमध्येही अजून असतो. पासवर्ड बदला, पण तेवढ्याने भागत नाही, त्या मेलबॉक्समध्ये कोणी फॉरवर्डर किंवा फिल्टर टाकून ठेवलाय का बघा, चालू असलेली लॉगिन तोडा, आणि क्यूमधला सगळा कचरा डिलीट करा, नाहीतर पासवर्ड बदलल्यावरही तो अडकलेला स्पॅम दिवसभर बाहेर जात राहतो आणि तुम्ही डोकं धरून बसता की आता का?

हेडरमध्ये लॉगिनच्या जागी पीएचपी स्क्रिप्टचं नाव दिसलं तर प्रकरण वेबसाइटचं आहे. जुनं वर्डप्रेस, कधीकाळी टाकलेलं आणि अपडेट न केलेलं प्लगिन, नाहीतर कॅप्चा नसलेला संपर्काचा फॉर्म. त्या फॉर्ममध्ये धन्यवाद, आपला संदेश मिळाला असा मेल भरणाऱ्याला आपोआप जात असेल तर बॉट त्यात दुसऱ्याचाच पत्ता टाकतो आणि तुमचा सर्व्हर त्या बिचाऱ्याला स्पॅम पाठवतो. तो ऑटो रिप्लाय बंद केलात तर काही बिघडत नाही.

तिसरं कारण लोकांना मान्य करायला जड जातं, ते म्हणजे पत्त्यांची यादी. प्रदर्शनात जमवलेली व्हिजिटिंग कार्डं, कोणीतरी पेनड्राइव्हवर दिलेला उद्योजकांचा डेटाबेस, विकत घेतलेले पत्ते, या सगळ्यांना एकदम ऑफरचा मेल. अशा यादीत स्पॅम ट्रॅप असतात, म्हणजे असे पत्ते जे कोणत्याही माणसाचे नाहीत, फक्त पकडण्यासाठी ठेवलेले. काही कधीच कोणी वापरलेले नसतात, वेबपानात लपवलेले असतात, त्यामुळे तिथे मेल गेला याचा अर्थ पत्ता कुठूनतरी उचललाय. काही जुने बंद पडलेले पत्ते असतात, जे बराच काळ बाऊन्स देऊन नंतर ट्रॅप म्हणून परत चालू केलेले असतात, तिथे मेल गेला म्हणजे तुम्ही बाऊन्स बघून यादी साफ करत नाही. ट्रॅप कोणते ते कोणी सांगत नाही आणि विचारूही नका, तेवढेच काढून बाकी यादी तशीच वापरणं हा आणखी मोठा दोष धरला जातो. उपाय एकच, ज्यांनी स्वतःहून मेल मागितला त्यांनाच पाठवणं, नाव नोंदवताना एक खात्रीचा मेल पाठवून त्यातल्या लिंकवर क्लिक घेणं, आणि विकत घेतलेली यादी पूर्ण फेकून देणं. पैसे गेले तर जाऊ द्यात, डोमेन त्याहून महाग पडतं.

हे सगळं झालं, तासभर क्यू शांत आहे हे डोळ्यांनी बघितलं, की मग डिलिस्टचा फॉर्म. तिथे आम्ही प्रतिष्ठित कंपनी आहोत, वीस वर्षं व्यवसायात आहोत, कृपया तातडीने काढा, असं लिहून काही होत नाही. वाचणाऱ्याला तीनच गोष्टी हव्या असतात: काय झालं, काय केलं, परत होऊ नये म्हणून काय बदललं. अकाउंट्सच्या मेलबॉक्सचा पासवर्ड चोरीला गेला होता, अमुक वेळी बदलला, क्यू साफ केली, आता प्रत्येक मेलबॉक्सला तासाला शंभर मेलची मर्यादा लावली आहे. एवढं पुरतं. आणि एकदा अर्ज केला की रोज नवीन टाकू नका.

शेअर्ड होस्टिंगवर असाल तर यातलं निम्मं तुमच्या हातात नसतं, एकाच आयपीवर शेकडो साइट्स असतात आणि दोष कोणा दुसऱ्याचा असू शकतो. होस्टिंगवाल्याला तिकिट टाकताना आमचा मेल जात नाही असं मोघम लिहू नका, बाऊन्सची ती ओळ, आयपी, लिस्टचं नाव आणि वेळ द्या, आणि दोन प्रश्न विचारा: हे कोणाच्या खात्यामुळे लागलंय ते सापडलं का, आणि आमचा बाहेर जाणारा मेल दुसऱ्या आयपीवरून पाठवता येईल का. महिन्यातून दोनदा असंच होत असेल तर मेल वेगळ्या सेवेवर न्या, वेबसाइट तिथेच राहू दे, दोन्ही एका जागी असायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही.

जीमेल आणि मायक्रोसॉफ्टचा मामला मात्र वेगळा आहे. त्यांच्या स्वतःच्या याद्या आणि स्वतःचं मोजमाप असतं, बाहेरच्या सगळ्या लिस्ट हिरव्या असल्या तरी तिथे मेल अडू शकतो. हॉटमेल-आउटलुकच्या बाऊन्समध्ये एस३१४० किंवा एस३१५० असा कोड दिसला तर ती मायक्रोसॉफ्टचीच ब्लॉकलिस्ट, तिचा फॉर्म वेगळा, त्यांच्याकडेच भरायचा. जीमेलकडे असं नाव काढून टाकायचं बटण नाही, तिथे पोस्टमास्टर टूल्स या गूगलच्या साइटवर डोमेन नोंदवायचं आणि आकडे बघत राहायचं. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० पेक्षा जास्त मेल जीमेलला पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकिम, डीमार्क (मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय हे पटवणाऱ्या डीएनएसमधल्या नोंदी) तिन्ही लागतात, जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकवर अनसबस्क्राइब लागतं, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या आत ठेवायच्या, ०.३ ला कधीच पोचू द्यायच्या नाहीत. ०.३ टक्के म्हणजे हजारात तीन माणसं, बस. अनसबस्क्राइबची लिंक बारीक राखाडी अक्षरात लपवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, ज्याला लिंक सापडत नाही तो स्पॅमचं बटण दाबतो, आणि ते बटण तुम्हाला जास्त महागात पडतं.

दिवसाला पन्नास मेल पाठवणाऱ्यांनीही एसपीएफ आणि डीकिम लावाच, जीमेल आता त्याशिवाय ५.७.२६ कोड देऊन मेल सरळ परत पाठवतं. पण एसपीएफ लावलं म्हणून ब्लॅकलिस्टमधलं नाव निघत नाही, हे दोन वेगळे विषय आहेत, एसपीएफ सांगतं की मेल खरंच तुमचा आहे, तो चांगला आहे की नाही ते सांगत नाही. स्वतःचा सर्व्हर असेल तर आणखी एक, आयपीचा रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) तुमच्या सर्व्हरच्या नावाला जुळला पाहिजे, आणि तो तुमच्या डोमेनच्या पॅनेलमध्ये सेट होत नाही, ज्याने आयपी दिला त्या इंटरनेटवाल्याला किंवा व्हीपीएसवाल्याला (भाड्याने व्हर्च्युअल सर्व्हर देणारा) लेखी सांगून करून घ्यावा लागतो. व्हीपीएस नवीन घेतलात तर पैसे भरल्या भरल्या, काहीही इन्स्टॉल करायच्या आधी, मिळालेला आयपी स्पॅमहॉसवर तपासून बघा, आधीच्या भाडेकरूने खराब करून सोडलेला असेल तर त्याच दिवशी बदलून मागता येतो.